आधार कोणत्या बाजूनें?

द्विभाषी कोशाइतका निरुपद्रवी दिसणारा ग्रंथ दुसरा नसेल. त्यांत कोणाची निंदा नसते, कोणाची स्तुति नसते. डाव्या बाजूस एक शब्द आणि उजव्या बाजूस दुसरा, एवढाच त्याचा संसार. परंतु एका भाषेंतून दुसरींत कांहीं नेण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्याला ठाऊक आहे कीं, इतक्या सभ्यपणें असत्य सांगणारें पुस्तक मिळणें कठीण. यांत कोशकारांवर ठपका ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. खिशांत मावेल अशा कोशाला एका शब्दापुढें एक-दोन शब्द लिहून पुढें सरकणें भाग असतें. आणि जगांतील कोणत्याहि दोन भाषांनीं आपलें जग सारख्याच तुकड्यांत कापलेलें नसतें. ही गोष्ट तत्त्व म्हणून सर्वांस मान्य आहे. पण तत्त्व मान्य असणें निराळें, आणि एखाद्या शब्दावर तें पडताळून पाहणें निराळें. म्हणून या लेखांत आम्ही एकच शब्द घेणार आहों. तो इंग्रजींतला 'सपोर्ट' हा शब्द. आणि त्याच्यासमोर ठेवणार आहों ती मध्य युरोपांतील चेक भाषा.

चेकच कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील, सुमारें एक कोटि लोकांची ही भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस कचेऱ्या, वरिष्ठ शाळा आणि प्रतिष्ठितांचे दिवाणखाने यांतून जवळजवळ हद्दपार झाली होती. तेथें जर्मन येऊन बसली होती. पुढच्या शतकांत कांहीं विद्वानांनीं जुने शब्द वेंचून, नवे घडवून आणि शेजारच्या स्लाव्ह भाषांतून उसने आणून तिला पुनः उभें केलें. जी भाषा स्वतः आधारानें उभी राहिली, तिच्यांतले आधाराचे शब्द पाहण्यासारखे असणारच. दुसरें कारण आमच्या सोयीचें आहे. चेक भाषेंत संबोधन धरून सात विभक्ति अद्याप जिवंत आहेत, आणि धातूला उपसर्ग लावून अर्थ फिरविण्याची तिची रीति आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. 'हार' या एका शब्दाला निरनिराळे उपसर्ग लावले कीं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे पांच अर्थ होतात, हें आपण शाळेंत शिकलों आहों. चेक भाषेचा पुष्कळसा कारभार असाच चालतो.

प्रथम इंग्रजी शब्दाची तपासणी करूं. 'सपोर्ट' हा मूळचा लॅटिन. 'सब' म्हणजे खालीं आणि 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणें. खालीं राहून भार वाहणें, असें एक स्पष्ट चित्र त्या शब्दाच्या पोटांत होतें. फ्रेंचमधून इंग्रजींत येतां येतां तें पुसट झालें. आज इंग्रज मनुष्य हा शब्द उच्चारतो तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें ना भार असतो, ना वाहणारा. म्हणूनच तो शब्द कोठेंहि जाऊन बसतो. खांब छताला सपोर्ट करतो, बाप कुटुंबाला, सभासद ठरावाला, प्रेक्षक खेळणाऱ्या संघाला, पुरावा सिद्धान्ताला, आणि एक मैत्रीण दुःखांत बुडालेल्या दुसरीला. वास्तविक या सहा ठिकाणीं सहा वेगवेगळ्या क्रिया घडत आहेत. खांब छत तोलून धरतो; बाप कुटुंब पोसतो; सभासद पाठिंबा देतो; प्रेक्षक आपल्या संघाची कड घेतो; पुरावा दुजोरा देतो; मैत्रीण धीर देते. मराठींत सहा क्रियापदें लागलीं, इंग्रजींत एकानें काम भागलें. आतां हीच वाक्यें चेक भाषेंत नेऊं लागलें म्हणजे काय होतें तें पाहूं.

लहान इंग्रजी-चेक कोशांत या शब्दापुढें बहुधा पहिला येईल तो 'पोदपोरा' हा शब्द. तो चूक नाहीं. ठराव, अर्ज, चळवळ, संस्था यांना द्यावयाचें जें साहाय्य, तें पोदपोरा. त्याची घडणहि लॅटिन शब्दाशीं जुळती आहे: 'पोद' म्हणजे खालून, आणि पुढचा भाग रेटणें, टेकणें या अर्थाच्या जुन्या स्लाव्ह धातूपासून आलेला. परंतु या शब्दाला थोडा सरकारी वास आहे. बेकारांना सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याचें नांव पोदपोरा. आणि अमुक मनुष्य 'पोदपोरेवर आहे' असें कोणी म्हटलें, तर त्याची नोकरी गेली आहे असाच त्याचा अर्थ. आतां अशी कल्पना करा कीं, एखाद्या इंग्रजी कादंबरींतला वृद्ध नायक आपल्या दिवंगत पत्नीविषयीं म्हणतो, 'ती आयुष्यभर माझा सपोर्ट होती.' अनुवादकानें कोश उघडून पोदपोरा हा शब्द घातला, तर व्याकरण बिघडणार नाहीं. पण त्या म्हाताऱ्याची पत्नी एखाद्या अनुदानासारखी वाटूं लागेल. तेथें शब्द हवा 'ओपोरा'.

धातु तोच, उपसर्ग तेवढा बदलला. ज्याला अंग टेकून उभें राहावयाचें, ती ओपोरा. पोदपोरा दिली जाते. ओपोरा असावी लागते. पहिली देऊन देणारा आपल्या घरीं जाऊं शकतो. दुसरीला जागेवरून हलण्याची मुभा नाहीं. वाक्यरचनाहि हेंच सांगते. 'कोणाला तरी ओपोरा असणें' असें चेक भाषेंत म्हणावयाचें तर आधार घेणारा चतुर्थींत येतो आणि आधाराचा शब्द तृतीयेंत. म्हणजे ती पत्नी आधार 'देत' नाहीं, ती त्याच्यासाठीं आधाररूपानें 'असते'. याच कुळांतला 'पोदप्येरा' म्हणजे फळांनीं लवलेल्या फांदीखालीं लावावयाचा टेकू, आणि 'व्स्प्येरा' म्हणजे तिरपा लावून वर रेटणारा दांडा. सुतार, माळी आणि कवि या तिघांचेंहि भांडवल एकाच धातूंत आहे.

या कुळांत आणखी एक शब्द आहे, आणि आमच्या मतें तो सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. तो म्हणजे 'ओदपोर'. 'ओद' म्हणजे पासून, दूर; ओदपोर म्हणजे प्रतिकार, विरोध. आधार आणि विरोध हीं सख्खीं भावंडें कशीं, असें क्षणभर वाटेल. त्याचें उत्तर प्राग शहराच्या गडावर दगडांत उभें आहे. तेथील सेंट व्हायटसच्या विशाल प्रार्थनामंदिराचें काम १३४४ सालीं सुरू झालें; १३५६ पासून पेटर पार्लर या स्थपतीनें तें पुढें नेलें; आणि मध्यंतरीं शतकानुशतकें रखडून तें १९२९ सालीं पुरें झालें. या गॉथिक इमारतीच्या भिंती उंच आणि मोठमोठ्या खिडक्यांनीं पोखरलेल्या आहेत, आणि वरच्या घुमटाकार छताचा रेटा त्यांना सारखा बाहेर ढकलीत असतो. म्हणून भिंतींच्या बाहेरून दगडी कमानी उभारून त्यांनीं तो रेटा परतवला आहे. या कमानींना चेक भाषेंत जें विशेषण लावतात तें 'ओप्येर्नी', म्हणजे ओपोरेच्याच कुळांतलें. भिंत उभी आहे ती कोणी तिला गोंजारीत आहे म्हणून नव्हे. कोणी तिच्या झुकण्याला विरोध करीत आहे म्हणून. ज्याच्या अंगीं ओदपोर नाहीं, तो कोणाची ओपोरा होऊं शकत नाहीं. हें तत्त्वज्ञान कोणा चेक पंडितानें मुद्दाम शब्दांत कोंबलेलें नाहीं. तें धातूंतच आहे. इंग्रजींत आधार आणि विरोध यांचे शब्द एकमेकांना ओळखतहि नाहींत.

अनुवादकाची खरी परीक्षा मात्र एखाद्या साध्या वाक्यांत होते. 'तिनें आपल्या भावाला सपोर्ट केला' एवढेंच इंग्रजी वाक्य घ्या. तिनें त्याला अन्न घातलें असेल, तर चेक अनुवादक लिहील 'झिविला'. लंगडत चालणाऱ्या भावाला तिनें काखेंत हात घालून सावरलें असेल, तर 'पोदपीराला'. खटल्याच्या दिवसांत ती त्याच्या बाजूला उभी राहिली असेल, तर 'स्ताला' या क्रियापदापुढें 'जवळ' या अर्थाचें शब्दयोगी अव्यय. लोक त्याला नांवें ठेवीत असतां ती त्याच्या वतीनें बोलली असेल, तर 'झास्तावाला से'. आणि त्याच्या उमेदवारीला तिनें दुजोरा दिला असेल, तरच 'पोदपोरोवाला'. इंग्रजी लेखकानें जी गोष्ट उघडी ठेवली, ती चेक अनुवादकाला मिटवावी लागते. त्याला कोश उघडण्यापूर्वीं मागचें प्रकरण वाचावें लागतें, आणि त्या बहिणीची मिळकत किती, त्या भावाचे पाय धड आहेत कीं नाहींत, याची चौकशी करावी लागते.

ही चौकशी कशी करावी, याची पद्धत चेक पंडितांनींच घालून दिली आहे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठांत इंग्रजीचे पहिले प्राध्यापक व्हिलेम माथेसिउस हे होते. १८८२ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांची दृष्टि पुढें जवळजवळ गेली. तरी त्यांचें अध्ययन थांबलें नाहीं. १९२६ सालीं स्थापन झालेल्या प्राग भाषाशास्त्र मंडळाचे ते संस्थापक, आणि इंग्रजी व चेक या दोन भाषांची तुलना हा त्यांच्या आयुष्याचा विषय. त्यांच्या पद्धतीचा गाभा असा कीं, शब्दापासून सुरुवात करून त्याचा प्रतिशब्द शोधूं नये. काय सांगावयाचें आहे येथून सुरुवात करावी, आणि तें सांगण्यास प्रत्येक भाषेनें कोणतें साधन ठेवलें आहे तें पाहावें. 'सपोर्टला चेक शब्द कोणता?' हा प्रश्न या दृष्टीनें मुळांतच चुकीचा. बरोबर प्रश्न असा: कोण कोणाला सावरीत आहे, आणि तो कोठें उभा आहे?

वर आलेलें 'झिवित' हें क्रियापद मराठी वाचकाला आपलेंसें वाटेल. 'झिवी' म्हणजे जिवंत, आणि आमच्या 'जीव' या शब्दाचाच तो दूरदेशीं गेलेला भाऊ. चेक बाप कुटुंबाला खालून उचलून धरीत नाहीं. तो त्याला जिवंत ठेवतो. याच शब्दापासून 'वीझिवा', म्हणजे पोषण. आणि त्यापासून 'वीझिव्ने'. घटस्फोटानंतर मुलांच्या पालनासाठीं आईबापांपैकीं एकानें जी रक्कम द्यावयाची, तिचें हें नांव. मराठींत तिला 'पोटगी' म्हणतात. हजारों कोसांवरच्या दोन भाषांनीं कायद्याच्या कोरड्या कलमांत पोटाचीच आठवण ठेवावी, हें पाहून आम्हांस मोठा आनंद झाला. या क्रियापदाच्या शेजारींच 'विदर्झोवत' हें दुसरें आहे. त्याचाहि अर्थ खर्च चालविणें असाच. परंतु एखाद्या निरुद्योगी इसमाला किंवा ठेवलेल्या बाईला पोसण्याचा भाव त्यांत असतो. इंग्रजी शब्द या दोन्ही घरांत सारख्याच गंभीर चेहऱ्यानें जातो. चेक अनुवादक चुकीच्या दारांत शिरला, तर सद्गृहस्थाची अब्रू जाते.

पक्षपाती माणसांसाठींहि चेक भाषेनें अशीच वांटणी केली आहे. तुमचा कैवार घेऊन उभा राहतो तो 'झास्तान्त्से'. या शब्दांत उभें राहण्याचा धातु आहे, आणि तो आमच्या 'स्था'चा सगोत्र. तुमच्या पावलावर पाऊल ठेवून येतो तो 'स्तोउपेनेत्स'. त्याच्या मुळाशीं पाऊल टाकणें आहे. एखाद्याच्या मागें उभें राहण्यास एक अव्यय, जवळ उभें राहण्यास दुसरें. परीक्षेला निघालेल्या मुलाला घरचीं माणसें 'आम्ही तुझ्यासाठीं अंगठे धरतों' असें म्हणतात, म्हणजे अंगठा मुठींत दाबून त्याचें शुभ चिंतितात. आणि मैदानावर ओरडणाऱ्या प्रेक्षकासाठीं मात्र या भाषेनें खुशाल इंग्रजी 'फॅन' उचलला, त्याला आपले प्रत्यय लावले, आणि 'फान्दित' हें क्रियापद व 'फानोउशेक' हें नाम तयार केलें. परक्या शब्दाचा आम्हांस विटाळ नाहीं; तो आपल्या घरच्या रीतीनें नांदला म्हणजे झालें.

'सपोर्ट'चा एक जुना अर्थ सहन करणें असाहि आहे, आणि इंग्रजींतला असह्य या अर्थाचा एक शब्द त्यापासूनच निघालेला आहे. चेक भाषेंत 'नेस्त' म्हणजे वाहणें, 'स्नेस्त' म्हणजे सोसणें, आणि जें सोसवत नाहीं तें 'नेस्नेसितेलनी'. मिलान कुंदेरा यांच्या कादंबरीच्या नांवामुळें हा शब्द जगभर गेला. मूळ चेक भाषेंत लिहिलेली ही कादंबरी १९८४ सालीं प्रथम फ्रेंच अनुवादांत निघाली. दुसऱ्या वर्षीं तिची चेक आवृत्ति टोरांटो येथील निर्वासितांच्या प्रकाशनसंस्थेनें काढली. स्वतःच्या देशांत ती छापली जाण्यास २००६ साल उजाडावें लागलें. अस्तित्वाचा हलकेपणा असह्य आहे, असें तें नांव. वाहणें हा धातु चेक शब्दांत स्पष्ट ऐकूं येत असल्यामुळें त्यांतला पेंच तत्काळ उमगतो: जें हलकें आहे, तेंच वाहवत नाहीं. इंग्रजी अनुवादकानें येथें लॅटिन शब्द टाळून वाहणें याच अर्थाचा साधा देशी धातु वापरला, म्हणून तो पेंच तिकडेहि टिकला. मराठींत 'असह्य' म्हटलें कीं ओझें नाहींसें होतें. 'न पेलणारा' म्हणावें तर अर्थ राहतो, पण विशेषणाचें वजन कमी होतें. अनुवादकाचें दुःख हें असें असतें.

आतां मदतीचा शब्द पाहूं. तो 'पोमोत्स'. बुडणारा मनुष्य हाच शब्द ओरडतो. त्यांतलें 'मोत्स' म्हणजे शक्ति, सत्ता. 'नेमोत्स', म्हणजे शक्ति नसणें, याचा अर्थ आजार. आणि 'नेमोत्स्नित्से' म्हणजे रुग्णालय. 'बेझमोत्स' म्हणजे असहायता. 'स्वेपोमोत्स' म्हणजे स्वावलंबन. इंग्रजींत मदत, सत्ता, आजार आणि रुग्णालय या चार शब्दांची एकमेकांशीं तोंडओळखहि नाहीं. चेक भाषेंत तें एका घराण्याचें कुटुंब आहे. व्हाक्लाव्ह हावेल यांनीं १९७८ सालीं लिहिलेल्या आणि टंकलिखित प्रतींतून फिरलेल्या प्रसिद्ध निबंधाचें नांव 'सत्ताहीनांची सत्ता' अशा अर्थाचें आहे. चेक वाचकाच्या कानाला त्या नांवांत सत्तेबरोबर मदत आणि दुखणें हीं दोन्ही पुसटशीं ऐकूं येण्यासारखीं आहेत; इंग्रजी वाचकाला तीं ऐकूं येत नाहींत. आमच्याकडे 'समर्थ' पासून 'समर्थन' झालें, त्याची येथें आठवण होते. समर्थन करणें म्हणजे मूळांत दुसऱ्याला समर्थ करणें; पण सभांतून हा शब्द वापरतांना तें कितीजणांच्या ध्यानांत असतें?

येथें एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळणें बरें नव्हे. इंग्रजी भाषा दरिद्री आहे काय? तिच्यांतहि पाठीशीं उभें राहणें, बाजूस उभें राहणें, टेकू देणें, उचलून धरणें या सर्वांना स्वतंत्र व जिवंत शब्द आहेत. हें खरें आहे, आणि उत्तम इंग्रजी लेखक ते शब्द वापरतातहि. शिवाय सर्वांना सामावणाऱ्या शब्दाचेहि गुण असतात. दुःखांत असलेल्या मित्राला 'मी तुझ्या आधाराला आहें' एवढेंच म्हणावें, आधाराचा प्रकार सांगूं नये, यांत कधीं कधीं फार नाजूक सौजन्य असतें. आमची तक्रार मोठ्या छत्रीबद्दल नाहीं. छत्री एकदां मिळाली कीं मनुष्य घर बांधण्याचें सोडून देतो, याबद्दल ती आहे. चेक भाषाहि यांतून सुटलेली नाहीं. यंत्रें व संगणक विकणाऱ्यांची 'तांत्रिक पोदपोरा', मालाच्या खपाची पोदपोरा, अशा नव्या संसारांत तो शब्द इंग्रजी शब्दाच्या मापानें फुगत चालला आहे.

यांत बिघडलें काय, असें विचारणाऱ्यास आम्ही चेक लोकांचा इतिहास वाचावयास सांगूं. आधाराचे शब्द मोघम झाले म्हणजे काय होतें, हें त्या लोकांनीं भोगलें आहे. १९३८ सालीं फ्रान्स त्यांना मदत करण्यास करारानें बांधलेला होता. सप्टेंबर अखेर म्युनिच येथें जर्मनी, इटली, ब्रिटन व फ्रान्स या चौघांनीं त्यांच्या देशाचा सरहद्दीवरचा मुलूख जर्मनीस देऊन टाकला. त्यांचा प्रतिनिधि त्या बैठकींत नव्हता. 'आमच्याविषयीं, आमच्याविना' या अर्थाचे चार लहान शब्द तेव्हांपासून चेक भाषेंत म्हणीसारखे रूढ आहेत. पुढें तीस वर्षांनीं, १९६८ च्या ऑगस्टमध्यें, वीस व एकवीस तारखांच्या रात्रीं सोव्हिएट रशिया व त्याच्या मित्रराष्ट्रांचें सैन्य रणगाडे घेऊन देशांत शिरलें. या स्वारीला सरकारी भाषेंत नांव मिळालें 'ब्रातर्स्का पोमोत्स'. पहिल्या शब्दांत आमचा 'भ्रातृ' आहे, दुसऱ्यांत शक्ति देणारी मदत. भाषेंतले दोन उत्तम शब्द निवडून काढलेले! त्यापूर्वीं देशांतल्याच पांच पुढाऱ्यांनीं रशियन भाषेंत एक गुप्त पत्र लिहून मॉस्कोकडे सर्व साधनांनिशीं आधार व मदत मागितली होती. १९९२ सालीं तें उजेडांत आलें, आणि त्याच्या चेक अनुवादांत पोदपोरा व पोमोत्स हे दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. आधार देणारा नेमका कोठें उभा आहे, खालीं, मागें, जवळ कीं छातीवर, हें त्या शब्दांनीं सांगितलें नाहीं. सांगूं नये म्हणूनच ते निवडले होते.

याच्या उलट जेव्हां ते लोक स्वतःला आधार देण्यास निघाले, तेव्हां त्यांनीं काय केलें तेंहि पाहावें. योझेफ युंगमान या अध्यापकानें १८११ सालीं मिल्टनचें 'पॅराडाइज लॉस्ट' चेक भाषेंत आणलें. ज्या भाषेंत नरक आणि स्वर्ग यांचें वर्णन होऊं शकतें तिला शेतकऱ्यांची बोली कोण म्हणेल, हा त्यांतला अभिप्राय उघड होता. हवा आणि निसर्ग यांना चेक भाषेंत आज जे शब्द आहेत तेहि त्या काळच्या पंडितांनीं रशियनमधून आणून रुजविलेले. १८३१ सालीं ग्रंथप्रकाशनासाठीं 'मातित्से' नांवाचा निधि लोकांच्या वर्गणीवर उभा राहिला, आणि त्याच्या साहाय्यानें युंगमानचा पांच खंडांचा चेक-जर्मन कोश निघून १८३९ सालीं पुरा झाला. १८३१ हें साल मराठी वाचकास ओळखीचें वाटेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति त्याच सालची. तो कोश अजून आमच्या उपयोगीं पडतो, आणि त्याच्या कर्त्याचे व त्याच्याजवळ बसून शब्द सांगणाऱ्या शास्त्र्यांचे आमच्यावर उपकार आहेत. पण त्याला पैसा मुंबई सरकारचा होता, आणि युंगमानच्या कोशाला वर्गणीदारांचा. एकाला पोदपोरा मिळाली, दुसऱ्याच्या पाठीशीं ओपोरा होती, असें कोणी म्हटलें तर त्यास आमचा विरोध नाहीं.

तसेंच प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचें. १८६८ सालीं त्याचा पाया घातला गेला. १८८१ च्या जून महिन्यांत तें उघडलें, आणि ऑगस्टमध्यें आगीनें त्याची राख केली. लोकांनीं ४७ दिवसांत दहा लक्ष गुल्डनची नवी वर्गणी जमविली, आणि १८८३ च्या नोव्हेंबरांत तें पुनः सुरू झालें. त्याच्या रंगमंचावरील चौकटीवर दोनच शब्द कोरले आहेत: 'नारोद सोब्ये'. राष्ट्रानें आपणासच. दुसरा शब्द चतुर्थींत आहे. त्यानें घेणारा कोण तें सांगितलें. पहिला प्रथमेंत, त्यानें देणारा कोण तें सांगितलें. देण्याचें क्रियापद लिहिण्याची गरजच पडली नाहीं.

मराठीनेंहि हा विषय आपल्या परीनें सोडविला आहे. चेक भाषेनें आधार दिशांत ठेवला. आम्ही तो शरीरांत ठेवला. पाठबळ व पाठीराखा पाठीपासून, हातभार हातापासून, पोटगी पोटापासून. टेकू, आसरा, कैवार, दुजोरा, धीर हे शब्द निराळेच. इतकें भांडवल घरीं असतां आमच्या लेखांतून व भाषणांतून एक तर सरसकट 'समर्थन' येतें, नाहीं तर तोच इंग्रजी शब्द देवनागरींत येऊन बसतो. आणि आई मुलाला 'सपोर्ट' करते, मतदार उमेदवाराला 'सपोर्ट' करतो, कंपनी गिऱ्हाइकाला 'सपोर्ट' देते. आई, मतदार आणि कंपनी हीं तिघें एकच काम करीत नाहींत, हें सांगण्यास कोणा पंडिताची जरूरी नाहीं. इंग्रजीवरून मराठी करणाऱ्या आमच्या तरुण लेखकांना म्हणून एवढीच विनंति आहे. हा शब्द समोर आला कीं कोशाचें पान उलटण्यापूर्वीं घटकाभर थांबावें, आणि त्या वाक्यांतला आधार देणारा माणूस कोठें उभा आहे तें पाहावें. तो दिसला तर मराठी शब्द आपण होऊन सांपडेल. आणि पुष्कळ शोधूनहि तो कोठेंच उभा असलेला दिसला नाहीं, तर त्या वाक्यांत आधार मुळींच नाहीं असें समजून वाचकासहि तसें कळूं द्यावें.